उजेड फार वरून घेऊ नकोस

नमस्कार श्रोतेहो.

आज जिच्याविषयी बोलणार आहे तिचं नाव जरा लांबलचक आहे, म्हणून दोनदा सांगते. सोफोनिस्बा आंगुइस्सोला. सोफोनिस्बा. इटलीतल्या क्रेमोना गावची चित्रकार, १५३२च्या सुमारास जन्मलेली. घरात सहा मुली आणि एक मुलगा. ही सगळ्यांत थोरली. वडिलांनी हिला आणि धाकट्या एलेनाला गावातल्या चित्रकाराकडे शिकायला ठेवलं. त्या काळी खानदानी घरातल्या मुलींच्या बाबतीत असं सहसा होत नसे.

शिकली खरी, पण काढायचं काय? मोठाली धार्मिक चित्रं रंगवायची तर उघड्या शरीराचा अभ्यास हवा, आणि बाईला ती मुभा नव्हती. मग समोर कोण उरलं? आई-वडील, बहिणी, भाऊ, घरातली म्हातारी मोलकरीण. आणि आरशातली आपण.

तिनं स्वतःची डझनभर तरी चित्रं काढली. त्यातलं एक व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे, १५५४ सालचं. वहीच्या अर्ध्या पानाएवढं. काळा साधा पोशाख, केस मागे घट्ट बांधलेले, अंगावर दागिना नाही. मोठे डोळे सरळ आपल्याकडे लावलेले. हातात उघडी छोटी पोथी, आणि तिच्या पानावर लॅटिनमध्ये लिहिलंय: सोफोनिस्बा आंगुइस्सोला, कुमारी, हिने स्वतःला स्वतः घडवले. पुन्हा ऐका. स्वतःला, स्वतः. एरवी लग्नाच्या मुलीचं चित्र दुसरा कुणीतरी काढायचा, तेही दागिन्यांनी मढवून. हिनं ते काम आपल्या हातात घेतलं.

जाता जाता एक सांगते. शाळेत चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकतात ना, ते मला मुळीच पटत नाही. ज्या पोरीला त्या एका तासात आपला हात सापडणार असतो, तिचं काय?

असो. आता मला मनापासून आवडणारी गोष्ट.

सोफोनिस्बा पुढे स्पेनच्या राणीच्या पदरी राहिली. तिथून सिसिली, पहिल्या नवऱ्याचा मृत्यू, मग एका जहाजाच्या कप्तानाशी लग्न. शेवटी ती सिसिलीतल्याच पालेर्मो शहरात येऊन राहिली. १५५४ची ती कुमारी आता नव्वदी ओलांडलेली आजी झाली होती. १६२४च्या जुलैत तिच्याकडे एक पंचविशीतला तरुण आला. त्याचं नाव आंतोनी व्हॅन डाइक. पुढे इंग्लंडच्या राजाचा चित्रकार झाला, तोच. वही काढून तो आजीचं चित्र काढायला बसला.

आजीची दृष्टी जवळजवळ गेलेली. तरी कुणी चित्र समोर धरलं की ती नाक अगदी चित्राला टेकवायची, तेव्हा कुठे थोडंसं दिसायचं. आणि तरीही ती त्या पोराला सूचना करत होती! उजेड फार वरून घेऊ नकोस, म्हणाली, नाहीतर सुरकुत्यांच्या सावल्या मोठ्या पडतील. आपल्याकडे भर छताला ट्यूबलाइट लावून खाली फोटो काढतात, त्यांनी हे जरूर ऐकावं. डोळ्यांखाली खड्डे पडतात ते उगाच नाही. खिडकीपाशी बसवा माणसाला, बाजूचा उजेड घ्या.

पण नुसतं छान दिसायचं म्हणून ती बोलत होती, असं मला वाटत नाही. आयुष्यभर आपला चेहरा कसा दिसावा हे तिनं स्वतः ठरवलं होतं. आता ब्रश दुसऱ्याच्या हातात होता, म्हणून ती उजेड कुठून यायचा ते सांगत होती. स्वतःला, स्वतः.

हे सगळं व्हॅन डाइकनं त्याच वहीत, चित्राभोवती लिहून ठेवलंय. ती वही आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आजीचं वय त्यानं शहाण्णव लिहिलंय, होती ब्याण्णवच्या आसपास. स्मरणशक्ती तल्लख, वागणं आदबीचं, असंही लिहिलंय. तिचं सगळ्यांत मोठं दुःख काय, तर नजर गेल्यामुळे आता रंगवता येत नाही, हे. हात मात्र अजून स्थिर होता, जराही थरथरत नव्हता.