आधी डिस्क बदला, मग ओएसचं बघू

विंडोज १० या ओएसचा (ऑपरेटिंग सिस्टिमचा) सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून सगळीकडे एकच प्रश्न येतोय, की लॅपटॉप चांगला चालतोय पण विंडोज ११ घेत नाही, मग आता टाकून द्यायचा का? तर अजिबात टाकू नका, निदान लगेच तरी नाही.

११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) लागतं आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या जनरेशनचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर, म्हणजे २०१७ च्या आधीचे जवळजवळ सगळे लॅपटॉप बाहेर. ही अट वेगाची नाहीये हे आधी लक्षात घ्या, २०१२ चा आय५ आजही मेल, वर्ड, ब्राउझर, झूम आरामात ओढतो. मग तो एवढा रडतो का? उद्या घरी गेल्यावर टास्क मॅनेजर उघडून बघा, सीपीयू २० टक्क्यांवर असतो आणि डिस्क १०० वर लाल होऊन बसलेली असते! ५४०० आरपीएमची हार्डडिस्क म्हणजे सेकंदाला ९० फेरे, प्रत्येक छोट्या फाइलसाठी हेड सरकणार, मग तबकडी फिरून खाली यायची वाट बघणार, असं करत सेकंदाला शंभरेक वेळासुद्धा वाचून होत नाही आणि आजची ओएस सुरू होताना अशा हजारो छोट्या फाइल मागते. एसएसडीमध्ये, म्हणजे चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काहीच नाही, त्यामुळे साध्या साटा (जुन्या हार्डडिस्कच्याच जोडणीच्या) एसएसडीनेही जमीन-अस्मानाचा फरक पडतो. खालचं झाकण काढायचं, जुनी डिस्क सरकवून बाहेर, २.५ इंची नवी आत, जागा ढिली वाटली तर सोबत येणारी प्लास्टिकची फ्रेम लावायची. रॅम ४ जीबी असेल तर ८ करा. एवढं झालं की मग ओएसचा विचार.

आता ११ जबरदस्तीने टाकायचं का? रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये) बदल करून पडतं, पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच असं मायक्रोसॉफ्ट सांगत नाही, आणि कोअर २ ड्युओ या जुन्या प्रोसेसरवर ११ ची २४एच२ आवृत्ती बूटच होत नाही कारण त्या प्रोसेसरमध्ये पॉपसीएनटी नावाची इन्स्ट्रक्शनच नाही. ज्यांचं पोट टॅली किंवा श्रीलिपी अशा विंडोजसाठीच्या सॉफ्टवेअरवर आहे त्यांनी १० वरच राहून ईएसयू (सपोर्ट संपल्यावरही मिळणारे सुरक्षा अपडेट) घ्यावं, घरगुती वापरासाठी ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, तेवढ्यात नव्या मशीनची सोय बघता येते. बाकी सगळ्यांना मी लिनक्स मिंट २२ या मोफत ओएसची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती सांगेन, अपडेट २०२९ पर्यंत येणार आहेत आणि मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधूनच लागतो, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. मात्र ओएस हलकी झाली म्हणून ब्राउझर हलका होत नाही हो, वीस टॅब उघडे ठेवले तर मिंटसुद्धा अडकणारच, म्हणून झेडरॅम चालू करा, त्यात रॅममधलाच डेटा दाबून ठेवला जातो आणि डिस्कवर जायची वेळ कमी येते.

आणि यूट्यूब! पंखा ओरडतो तो बहुतेक वेळा इथेच. जुन्या इंटेल चिपमध्ये एच.२६४ (व्हिडिओ दाबून साठवायची एक पद्धत) उलगडायची सोय हार्डवेअरमध्येच आहे, पण यूट्यूब सहसा व्हीपी९ नाहीतर एव्ही१ या नव्या पद्धतींतला व्हिडिओ पाठवतं, मग ते सगळं काम बिचाऱ्या सीपीयूवर पडतं. एच२६४इफाय (h264ify) नावाचं छोटं एक्स्टेंशन ब्राउझरमध्ये टाकलं की साइटकडून एच.२६४ च मागितलं जातं, १०८० पी च्या वर मिळत नाही पण १३६६ बाय ७६८ च्या स्क्रीनला त्याची गरजही नाही.

मिंट कायमचं बसवण्याआधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे डिस्कवर न टाकता, चालवून बघा, वायफाय लागतं का (ब्रॉडकॉमचं कार्ड असेल तर ड्रायव्हर वेगळा टाकावा लागू शकतो), आवाज येतो का, झाकण मिटून उघडल्यावर मशीन नीट जागं होतं का. आणि काढलेली जुनी हार्डडिस्क लगेच फॉरमॅट करू नका, वर्षभर कपाटात तशीच राहू द्या, एखादा फोटो किंवा आयकर रिटर्नची पीडीएफ राहिली असेल तर यूएसबी केसमध्ये घालून काढता येते.