बोंड केवढं पडतंय?

(सेल्स सोडून मार्केटिंगकडे वळू पाहणाऱ्या तरुणांसमोर जालन्यात केलेलं भाषण, संपादित)

मघाशी हात वर करायला सांगितलं, तेव्हा दिसलं की तुमच्यातले निम्मे बियाणं-खताच्या सेल्समध्ये आहेत. मीही नऊ वर्षं तेच केलं. अंबड, घनसावंगी, गेवराई हा माझा पट्टा. मृगाच्या आधी दुकानात माल पोचवायचा आणि दिवाळीपर्यंत वसुलीसाठी फिरायचं. मग तेहतिसाव्या वर्षी मार्केटिंगमध्ये गेलो तो अगदी खालच्या पायरीवर, एक्झिक्युटिव्ह म्हणून. इन्सेंटिव्ह बंद झाला. पहिलं वर्ष घरात काटकसरीनं काढलं. म्हणून सांगतो, घरच्यांशी बोलल्याशिवाय ही उडी मारू नका.

मुलाखतीत मी टार्गेटचे आकडे सांगत होतो. समोरच्या मॅडमनी ते ऐकून घेतले आणि विचारलं, "ज्यांनी तुमचं पाकीट घेतलं नाही, त्यांनी का नाही घेतलं?"

मला मोंढ्यातल्या एका दुकानात भेटलेले एक काका आठवले. बीटी कपाशीच्या पाकिटाची कमाल किंमत २०१६ पासून केंद्र सरकार ठरवतं. त्यामुळे एका फळीवर चार कंपन्यांची पाकिटं असली, तरी भावात फारसा फरक नसतो. मग शेतकरी नाव घेऊन एकच वाण का मागतो? काकांनी आमचं पाकीट उलटसुलट केलं, चित्रातल्या बोंडावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "सायेब, बोंड केवढं पडतंय? बारक्या बोंडाला बाया येत न्हाईत हो येचायला."

वेचणीची मजुरी किलोवर असते. बोंड बारीक असलं की दिवसभर राबूनही बाईच्या ओट्यात कापूस कमी पडतो. मग ती शेजारच्या रानात जाते, आणि यांचा कापूस झाडावरच लोंबतो. म्हणजे वाण कोणतं घ्यायचं, हे दुकानाची पायरी कधीही न चढणारी बाई ठरवत होती! आमच्या पत्रकात मात्र नुसतं एकरी उत्पादन होतं. मला हे सगळं माहीत होतं, पण मी ते कधी कागदावर उतरवलंच नव्हतं. त्या दिवशी मॅडमना तेवढंच सांगितलं.

सेल्समध्ये आपण समोरच्या एका माणसाला पटवतो. मार्केटिंगमध्ये तोच प्रश्न पन्नास जणांना विचारायचा, उत्तरं एक्सेलमध्ये भरायची आणि त्यातून सारखं काय निघतं ते शोधायचं. एक्सेल महिन्याभरात येतं. काकांच्या तोंडून ते वाक्य निघेपर्यंत काउंटरपाशी थांबण्याची सवय मात्र तुमच्याकडे आजच आहे. नकार मिळाला की गाडीला किक मारण्याआधी त्याच्याच शब्दांत डायरीत लिहा. मुलाखतीला जाताना ती डायरी सोबत न्या.

पहिल्याच हंगामात मी हट्ट धरला की शिवार फेरीला, म्हणजे रानात उभं पीक दाखवायच्या कार्यक्रमाला, वेचणाऱ्या बायांनाही बोलवायचं. त्या आल्या, पण बांधावरच थांबल्या. पुढे या म्हटल्यावर एका मावशीनं बोंड हातात घेतलं, एका झटक्यात चारही पाकळ्यांचा कापूस काढला आणि म्हणाली, "हे बेस हाय." पुढच्या पत्रकावर आम्ही तोच हात छापला, कापसासकट.