राज्य कुणावर?

(वाचनालयाच्या वसंत व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)

नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? येत नसेल तर हात वर करा. कुणीच केला नाही, म्हणजे एकतर सगळ्यांना येतंय, नाहीतर कुणालाच येत नाहीये.

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘विशेष गरजा असलेल्या बालकांचा खेळातून विकास : पाच पायऱ्या’. पायऱ्या कार्यवाहांनी घातल्यात. मी फोनवर म्हटलं होतं, लिंबूटिंबूवर बोलेन. ते म्हणाले, ताई, तेवढ्यावर लोक यायचे नाहीत.

तर लिंबूटिंबू. समोर केस पांढरे दिसतायत, त्यामुळे समजावत बसत नाही. आपण चकायचो, राज्य कुणावर ते ठरायचं, आणि तेवढ्यात कुणाची तरी आई ओट्यावरून ओरडायची, “धाकटीलाही घ्या रे!” न घेऊन सांगता कुणाला? मग ती लिंबूटिंबू. पळायची सगळ्यांबरोबर, पण आऊट झाली तरी आऊट नाही. कुठे कच्चा लिंबू म्हणतात. सात-आठ वर्षांच्या पोरांनी अर्ध्या मिनिटात केलेली सोय! जी.आर. नाही, समिती नाही. आज याला समावेशन म्हणतात आणि त्याची तीन दिवसांची कार्यशाळा असते. मी घेतल्यात त्या, मानधनासकट.

आता एक गोष्ट सांगते. माझ्या बालवाडीत एक मुलगा आला, साडेतीन वर्षांचा. बोलत नव्हता, हाक मारली तर बघत नव्हता. स्टीलच्या डब्याचं झाकण घ्यायचा, फरशीवर उभं धरून गरकन फिरवायचा आणि ते डगमगत, खणखणत आडवं पडेपर्यंत गाल फरशीला टेकून बघायचा. पडलं की पुन्हा. दिवसभर. आज स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, हा शब्द पेपरात येतो, तेव्हा आमच्याकडे ‘हट्टी’ एवढाच होता.

मी काय केलं? झाकण काढून घेतलं. मी प्रशिक्षित ना! त्याच्यापुढे रंगीत ठोकळे मांडले. तो माझ्या मनगटाला कडकडून चावला. इथे, अजून व्रण आहे. लांबून दिसायचा नाही, नंतर चहाच्या वेळी दाखवते. दुसऱ्या दिवशी झाकण कपाटात, कपाटाला कुलूप. त्याने कपाटापुढे बसून आठवडाभर रडून काढला.

आमच्या मदतनीस मावशी सातवी शिकलेल्या. खिचडीचे तांदूळ निवडत बसायच्या. त्यांनी मला न विचारता त्याला झाकण दिलं आणि दुसरं स्वतः घेतलं. त्याच्याशेजारी बसून, त्याच्याकडे न बघता, आपलं झाकण फिरवलं. मग पुन्हा तांदूळ. मध्येच पुन्हा झाकण. दहा-बारा दिवस हेच. मी मनात म्हणतेय, आता दोन झाले. एके दिवशी मावशींचं झाकण फिरत असताना त्याने त्यावर पंजा ठेवला. थांबवलं. मावशींकडे बघितलं आणि झाकण त्यांच्या हातात दिलं, म्हणजे पुन्हा फिरव. मंडळी, ते त्याचं पहिलं वाक्य. पुढे पुस्तकांत वाचलं, मुलाच्या मागे जावं, त्याचं अनुकरण करावं, मग त्याची पाळी, आपली पाळी. मी वाचलं, मावशींनी आधीच केलं होतं.

आणि मग विषामृत. राज्य असलेल्याने शिवलं की विष, जागच्या जागी बसायचं. दुसऱ्याने येऊन शिवलं की अमृत, पळायचं. हा झाकण घेऊन मधोमध बसलेला. पोरं म्हणाली, ताई, हा लिंबूटिंबू. पण याला अंगाला हात लावलेला खपत नव्हता, किंचाळायचा. दोन दिवसांत पोरांनी नियम काढला, याच्या झाकणाला शिवलं की अमृत. माझ्या डोक्यात शंभर वर्षांत आलं नसतं. हा बसून असायचा, कुणी झाकणावर टिचकी मारली की उठून चार पावलं पळायचा.

चार-पाच महिन्यांनी त्याची आई तणतणत आली. “माझ्या मुलावर राज्य का दिलं? त्याला कळतं का?” मी पोरांना विचारलं. एक म्हणाली, “ताई, तो मुद्दाम झाकण पाठीमागे लपवतो. चीटिंग करतो. आता तो लिंबूटिंबू नाही.” चीटिंग! म्हणजे दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे त्याला उमगायला लागलं होतं. मी त्या माउलीला चहा पाजला. ती रडली, मग हसली, मग पुन्हा भांडली.

आता माझं जुनं दुखणं. अशा एका मुलाला एका बालवाडीने प्रवेश नाकारला. “इथे नॉर्मल मुलं असतात.” भिंतीवर माँटेसोरीबाईंचा फोटो, हार घातलेला! अहो, बाईंनी 1907 साली रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत बालगृह उघडलं, त्याआधी त्या कुणाबरोबर काम करत होत्या? तेव्हा ज्यांना मतिमंद म्हणायचे, त्या मुलांबरोबर. इतार आणि सेगँ या फ्रेंच डॉक्टरांची साधनं घेऊन, सुधारून. ती मुलं शिकली, तेव्हा बाईंना प्रश्न पडला, मग धडधाकट मुलं इतकी मागे का? म्हणजे जी साधनं आपल्या बालवाड्यांत आली, ती मुळात याच पोरांच्या हातांसाठी घडली. त्यांच्या खेळण्यांवर आपण बसलो आणि त्यांनाच दाराबाहेर काढलं.

शिवाय त्या साधनांचे संच आज हजारोंच्या घरात. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला अनुताई वाघांबरोबर. तिथे शंखशिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं. आणि मूल येत नसेल तर त्याच्या अंगणात शाळा न्यायची, ती अंगणवाडी. या शब्दाचा अर्थ... चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे.’ बघा, पायऱ्या राहिल्याच.

भराभर सांगते. पहिली, आठ दिवस नुसतं बघा आणि लिहा. मूल आपण होऊन काय करतं, कधी शांत होतं, कशाने बिथरतं. दुसरी, त्याच्या शेजारी बसून तेच करा, मावशी आठवा. तिसरी, थांबा. झाकण हातात धरा आणि मनात दहापर्यंत मोजा. आपल्याला तीनच्या पुढे मोजवत नाही, आपणच बोलून मोकळे होतो.

चौथी पायरी म्हणजे मूल नाही, खेळ बदला. मान-पाठ सावरत नसेल तर भिंतीच्या कोपऱ्यात टेकून बसवा, पाय टेकायला पाट द्या, भातुकलीत मोठी भांडी द्या, ताटलीखाली ओलं फडकं, म्हणजे सरकत नाही. दिसत नसेल तर चेंडूत घुंगरू. ऐकू येत नसेल तर शिट्टीऐवजी रुमाल हलवा, आणि बोलताना उजेड तुमच्या तोंडावर हवा, पाठीमागे नको. लिंबूटिंबू कायमचा ठेवू नका. कधी काढायचा ते पोरांना कळतं, फक्त तुम्ही मध्ये पडू नका.

पाचवी, आणि ही खरं तर पहिली. “याचे बाबाही उशिराच बोलले” म्हणून वाट बघत बसू नका. बोलत नसेल तर आधी कान तपासा. खेळ आजच सुरू करा, तपासणीही आजच. एकासाठी दुसरं अडवू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं आहेत, त्यांनी वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासायची असतात. पुढच्या उपचारांसाठी जिल्ह्याला शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. कागदावर सगळं आहे.

फक्त एक होतं. पथकाची गाडी येते त्या दिवशी नेमकं तेच मूल घरी असतं. “चारचौघांत कशाला?” मी कैकदा गाडी थांबवून घरी आणायला धावलेय, तर आजी दार लावून आत. कार्यवाह उभे राहिले, म्हणजे मी बसायचं. सेविकाताईंना तारीख आधी कळते, त्यांना विचारा, आणि शेजारच्या घरी जाऊन सांगा. त्या दिवशी त्याला आंघोळ घालून, खाऊ देऊन पाठवा. आणि त्याचं झाकण बरोबर द्या, नाहीतर डॉक्टरांना चावेल.