ओक्लाहोमाच्या टोकावरची सिमारॉन काउंटी

नमस्कार मंडळी! अमेरिकेच्या नकाशात ओक्लाहोमा शोधा. पश्चिमेला फ्रायपॅनच्या दांड्यासारखी एक चिंचोळी पट्टी दिसेल. तिचं अगदी टोक म्हणजे सिमारॉन काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग). टेक्सस, न्यू मेक्सिको, कोलोरॅडो आणि कॅन्सस, अशा चार शेजारी राज्यांना भिडणारी अमेरिकेतली ही एकमेव काउंटी. क्षेत्रफळ सुमारे ४,७५० चौरस किलोमीटर आणि २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या फक्त २,२९६!

हा दांडा तयार झाला गुलामगिरीमुळे. ३६ अंश ३० मिनिटं अक्षांशाच्या उत्तरेला गुलामगिरीला बंदी होती. टेक्ससला गुलाम सोडायचे नव्हते, म्हणून १८५० मध्ये त्याने त्या रेषेच्या उत्तरेची जमीनच सोडून दिली. १८५४ मध्ये कॅन्ससची हद्द ३७ अंशांवर आखली गेली. मधली जेमतेम ५५ किलोमीटर रुंदीची पट्टी १८९० पर्यंत कुठल्याच राज्यात नव्हती. ना कोर्ट, ना जमिनीची नोंद. तिला म्हणायचे 'नो मॅन्स लँड'. पण कोमांची आणि कायोवा हे मूलनिवासी लोक तर इथे आधीपासून वावरत होते! त्यांना कुणी विचारलंच नाही.

१९०७ मध्ये काउंटी झाली. पुढच्याच वर्षी बॉइसी सिटी या इथल्या नव्या गावाचे प्लॉट विकले गेले, झाडांनी नटलेल्या रस्त्यांच्या जाहिराती करून. लोक येऊन बघतात तर नुसतं गवताळ माळरान. विकणारे पुढे तुरुंगात गेले.

आणि त्या माळरानाची खरी संपत्ती होती ते गवतच. त्याच्या मुळांनी माती धरून ठेवली होती. पहिल्या महायुद्धात गव्हाचा भाव चढला, ट्रॅक्टर आले आणि गवत उलथून पडलं. १९३० च्या दशकात पाऊस रुसला, वारा सुटला आणि माती उडाली. १९३६ मध्ये छायाचित्रकार आर्थर रोथस्टीन यांनी इथेच काढलेला फोटो जरूर बघा. धुळीत वाकून चालणारा शेतकरी, सोबत दोन मुलं. धाकटा मागे पडलाय, हात डोळ्यांवर धरलाय. शेजारची झोपडी मातीत रुतलेली.

सरकारने मग उजाड शेतं विकत घेऊन पुन्हा गवत वाढवलं. त्यातलाच एक भाग आज रीटा ब्लांका गवताळ प्रदेश म्हणून राखलाय. तिथे गुरं चरतात. बाकी बरीच शेती ओगलाला नावाच्या जमिनीखालच्या मोठ्या जलसाठ्याच्या उपशावर चालते, आणि त्या पाण्याची पातळी खाली चाललीय.