आवाज चढला म्हणून गुन्हा होत नाही

मित्रहो, महाराष्ट्रात एक कलम शेंबड्या पोरालाही पाठ आहे. चौकात, तहसील कार्यालयात, सरकारी दवाखान्यात, कुठेही दोन शब्दांना चार शब्द झाले की समोरून येतं: "जास्त बोलू नकोस, ३५३ लावीन." शासकीय कामात अडथळा, जुन्या भारतीय दंडसंहितेचं कलम ३५३. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि या कलमाचा नंबर १३२ झाला. बोलणाऱ्यांच्या तोंडी मात्र ३५३ च आहे, आणि ऐकणाऱ्याच्या पोटात गोळाही तेवढाच येतो.

येण्यासारखाच आहे. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र. महाराष्ट्राने तर २०१८ मध्ये याची शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली होती आणि खटला सत्र न्यायालयात पाठवला होता. नव्या संहितेत पुन्हा दोनच वर्षं आहेत, पण पासपोर्ट, नोकरी, चारित्र्य पडताळणी यांत अडचण यायला शिक्षेची गरज नसते, बऱ्याचदा दाखल झालेला गुन्हाही पुरतो.

आता हे कलम म्हणतं काय? लोकसेवकाला कर्तव्यापासून परावृत्त करण्यासाठी 'हमला किंवा फौजदारीपात्र बलप्रयोग'. म्हणजे नुसता अडथळा पुरत नाही, अंगावर जावं लागतं. आणि हमला म्हणजे काय, हे १८६० च्या दंडसंहितेतच लिहून ठेवलेलं आहे: नुसते शब्द म्हणजे हमला नव्हे. हातवारे, मूठ उगारणं, काठी उचलणं, यांतून आता बळाचा वापर होणार अशी धास्ती निर्माण व्हावी लागते. शब्दांमुळे त्या हातवाऱ्यांना तसा अर्थ येऊ शकतो, पण हातवारा हवाच. ही तरतूद मेकॉलेच्या काळातली, गुलाम देशासाठी केलेली. स्वतंत्र देशाच्या संहितेत कलम १३० खाली ती तशीच आहे. म्हणजे ब्रिटिशांनी दिलेली एवढी सूटसुद्धा आपल्या चौकातला हवालदार द्यायला तयार नसतो, असं मी म्हटलं तर माझे पोलीस खात्यातले मित्र रागावतील. रागावू देत. नुसतं रागावण्याला कलम नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेंगळुरूच्या एका प्रकरणात हेच सांगितलं. सरकारी कार्यालयात एक माणूस ओरडला, धमकावलं, असा आरोप होता. न्यायालय म्हणालं, ओरडणं आणि धमकावणं म्हणजे हमला होत नाही, गुन्हा रद्द.

त्याआधीचं एक प्रकरण तर खास पोलिसांचं आहे, तेही बेंगळुरूचंच. २०१३ साली एका जोडप्याच्या गाडीची रिक्षाला धडक बसली. त्यांना वाहतूक पोलीस ठाण्यात बोलावलं गेलं. तिथे अधिकाऱ्याने धमकावलं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी काय केलं? वाहतूक पोलिसांच्याच फेसबुक पानावर जाऊन ते लिहिलं. पान पोलिसांचं, तक्रारी मांडा म्हणून पोलिसांनीच उघडलेलं. तरी त्या अधिकाऱ्याच्या तक्रारीवरून गुन्हा दाखल झाला, ३५३ आणि धमकावण्याचं कलम ५०६. आता मला सांगा, फेसबुकवर लिहिताना बलप्रयोग कोणावर होतो? फार तर कीबोर्डवर. उच्च न्यायालयानेही गुन्हा रद्द करायला नकार दिला. जानेवारी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. अपघातानंतरच्या एका तक्रारीपायी त्या जोडप्याला दिल्लीपर्यंत जावं लागलं. माझ्या मते आपला खरा प्रश्न इथे आहे. कायदा बोलणाऱ्याच्या बाजूने आहे, पण तो दिल्लीत आहे. ठाण्यात फक्त ठाणे अंमलदार आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातलं हातकणंगले घ्या. तिथल्या पोलीस ठाण्यात एका प्राध्यापकावर व्हॉट्सअॅप स्टेटसवरून गुन्हा दाखल झाला. कलम ३७० रद्द केल्याबद्दल त्याने नाराजी लिहिली होती. मार्च २०२४ मध्ये न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांनी तो रद्द केला आणि आपल्या पोलीस यंत्रणेला अभिव्यक्तिस्वातंत्र्य समजावून सांगण्याची वेळ आली आहे, असं निकालात लिहिलं. वर्षभराने, २८ मार्च २०२५ च्या निकालात, याच दोन न्यायमूर्तींनी एक व्यावहारिक वाट दाखवली: बोलण्या-लिहिण्यावरून तीन ते सात वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा सांगितला जात असेल, तर नोंदवण्याआधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम १७३(३) खाली प्राथमिक चौकशी करणं योग्य. पण गंमत बघा. शिक्षा दोन वर्षांची असलेलं १३२ त्या चौकटीत बसतच नाही. चौकातल्या वादाला ही ढाल उपयोगी नाही.

मोबाईलचं विचारणार तुम्ही, मला माहीत आहे. वर्ध्याच्या पोलीस ठाण्यात एका माणसाने आतली बोलणी मोबाईलवर टिपली, म्हणून त्याच्यावर थेट शासकीय गुपितं अधिनियम, १९२३ लावला. हा कायदा हेरगिरीसाठी आहे, हो! २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं की 'प्रतिबंधित स्थळा'च्या व्याख्येत पोलीस ठाणं येत नाही. मग याचा अर्थ कॅमेरा घेऊन हवालदाराच्या नाकाला टेकवावा असा होतो का? नाही. बारा-बारा तास बंदोबस्ताला उभ्या असलेल्या माणसाला रीलसाठी डिवचणारे महाभाग मीही पाहतो, आणि मला त्यांचा राग येतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ६८ प्रमाणे पोलिसांची वाजवी सूचना पाळणं आपल्यावर बंधनकारक आहे. 'मागे सरका' ही वाजवी सूचना असते. 'मोबाईल दे, डिलीट कर' ही वाजवी कशी, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. आणि त्याच अधिनियमाचं कलम ११२ विसरू नका: शांतताभंग व्हावा या हेतूने रस्त्यावर केलेली शिवीगाळ तिथे येते. शिवी म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्य, अशा भ्रमात कोणी राहू नये.

अमेरिकेत हे फार पुढे गेलं आहे. ह्यूस्टन शहराच्या एका नियमानुसार पोलिसाच्या कामात कसाही व्यत्यय आणणं गुन्हा होता. मित्राला पोलिसांनी अडवलेलं पाहून एक माणूस त्यांच्यावर ओरडला, त्याला अटक झाली. १९८७ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नियमच घटनाबाह्य ठरवला. पोलिसाला तोंडी विरोध करता येणं हे स्वतंत्र देशाचं लक्षण आहे, असा त्या निकालाचा आशय आहे. आपल्याकडे अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर राज्यघटनेच्या कलम १९(२) ची बंधनं आहेत, म्हणून तो निकाल जसाच्या तसा इथे उचलता येणार नाही. पण नुसत्या शब्दांबद्दलची आपली तरतूद त्याच्या शंभरहून अधिक वर्षं आधीची आहे, हेही खरं.

शेवटी कामाचं सांगतो, कारण समोर तरुण मुलं बसली आहेत. असा गुन्हा दाखल झालाच, तर एफआयआरची प्रत घ्या आणि हाताचं वाक्य शोधा. 'कॉलर पकडली', 'ढकललं', 'अंगावर धावून आला'. वाद नुसता तोंडी असला तरी असं एखादं वाक्य फिर्यादीत बहुधा सापडतं, कारण त्याच्याशिवाय कलम उभं राहत नाही. प्रसंग ठाण्यात घडला असेल तर त्याच दिवशी लेखी अर्ज द्या: अमुक वेळ ते तमुक वेळ, सीसीटीव्ही चित्रीकरण जतन करावं. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह चित्रीकरण करणारे कॅमेरे बसवायला आणि चित्रीकरण अठरा महिने, ते जमत नसेल तर निदान वर्षभर, ठेवायला सांगितलं आहे. 'कॅमेरा त्या दिवशी बंद होता' असं उत्तर आलं तर तेही लेखी मागा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. आणि पोहोच मागताना आवाज खालीच ठेवा, काम लवकर होतं.