कातडी भरून आली, त्यानंतर

नमस्कार श्रोतेहो.

"आजार गेला ना डॉक्टर, मग आता नखं का गळतायत?" असं म्हणत आई मुलाचा हात पुढे करते. अंगठ्याचं जुनं नख मुळाशी सुटलेलं, टोकाला कसंबसं टिकून असतं. खालून नवं, खडबडीत नख वर येत असतं.

आजार असतो स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम. 1922 साली दोन अमेरिकन डॉक्टरांनी दोन मुलांमध्ये पाहून तो नोंदवला. बहुतेकदा फिटची किंवा सल्फाची औषधं कारणीभूत असतात, मुलांत कधी मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूचा संसर्ग. फोड येतात, कातडी सोलवटते, तोंड आणि डोळे सोलून निघतात. मूल त्यातून वाचलं की घर सुटकेचा श्वास टाकतं, आणि दोन महिन्यांनी हे नख!

घाबरू नका. आजारात नखाचं मूळ काही दिवस कामच थांबवतं. हाताचं नख महिन्याला जेमतेम 3 मिलिमीटर वाढतं, म्हणून ती खोट उशिरा दिसते. नवं नख पूर्ण यायला सहाएक महिने लागतात, पायाचं असेल तर वर्ष-दीड वर्ष. नख ओढून काढू नका. मुळाशीच व्रण पडला असेल, तर मात्र नख कायमचं वेडंवाकडं राहतं किंवा येतच नाही. हे आईवडिलांना आधीच स्पष्ट सांगावं, असं मला मनापासून वाटतं.

तिळांचं तसंच. काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, पाठीवर, हातापायांवर एकदम पुष्कळ तीळ उठतात, बरेचदा जिथली कातडी गेली होती तिथेच. बहुतेक निरुपद्रवी असतात. तरी मोबाइलवर फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून, आणि वर्षातून एकदा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. एखादा तीळ इतरांपेक्षा वेगळाच दिसला, भराभर वाढला, त्यातून रक्त आलं, किंवा गुलाबी गाठ वाढू लागली, तर वर्षाची वाट पाहू नका. उन्हात पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

नखं आणि तीळ डोळ्यांना दिसतात, म्हणून त्यांचीच काळजी जास्त केली जाते. मला खरी धास्ती असते मुलाच्या डोळ्यांची. ते कोरडे पडतात, पापण्या आतून चिकटतात, उजेड सोसत नाही. मूल डोळे चोळत असेल, तर नेत्रतज्ज्ञांकडे आजच जा.

आणि ज्या औषधाने हे झालं, त्याचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून फाइलच्या पहिल्या पानावर चिकटवा. शाळेतही द्या.