नंबर सांगा, मग बिल घ्या

मंडळी, विषय कायद्याचा असला तरी सुरुवात इथल्याच, दादरच्या रानडे रोडपासून करू. दुकानात काहीही घ्या, गल्ल्यावरची मुलगी मान वर न करता म्हणते, "नंबर सांगा." आपण मोबाइलचा नंबर सांगतो. गर्दीत ऐकू येत नाही म्हणून पुन्हा, मोठ्याने. मागच्या रांगेतल्या अनोळखी माणसांनाही तो फुकटात मिळतो. एकट्या राहणाऱ्या बाईलाही तसाच ओरडून सांगावा लागतो. "कशाला हवाय?" विचारलं तर उत्तर ठरलेलं, "सिस्टीम पुढे जात नाही." मॅनेजर आला की मात्र जाते. त्या मुलीवर चिडू नका, तिला वरून तसंच सांगितलेलं असतं.

मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांना बजावलं, की नंबरासाठी गिऱ्हाइकाला अडवू नका. ही सूचना गल्ल्यापर्यंत काही पोहोचलेली दिसत नाही. म्हणून माझं मत असं, की भांडण नंबरावरून करू नये, बिलावरून करावं. "नंबर देणार नाही" म्हटलं की आपण विक्षिप्त ठरतो. "बिल द्या" म्हटलं की बाजू आपली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती परस्पर तिसऱ्याला देणं, हेही त्याच यादीत आहे.

आता कुणी म्हणेल, नवा डेटा संरक्षणाचा कायदा आलाय ना? आलाय, २०२३ मध्ये. कागदावर छान आहे. त्यात एक उदाहरण दिलंय: फोनवरून डॉक्टरी सल्ला देणाऱ्या ॲपने तुमची संपर्कयादी मागितली आणि तुम्ही 'हो' म्हटलंत, तरी ती संमती सल्ल्यापुरतीच धरली जाईल, कारण सल्ल्याला यादी लागत नाही. संमतीचा मजकूर मराठीतही मागता येईल. उत्तम! पण नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि संमतीची ही कलमं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची. याच कायद्याने माहिती अधिकाराला जी कात्री लावली, ती मात्र लगेच लागू झाली. सरकारला कशाची घाई होती, ते यावरून ओळखा.

आणि दंड? २५० कोटींपर्यंत. आकडा ऐकून बरं वाटतं. पण तो पैसा जाणार भारताच्या संचित निधीत, तुमच्या हातात दमडीही नाही. आयटी कायद्याच्या ४३-अ कलमात, कंपनीच्या हलगर्जीपणामुळे पासवर्ड, बँकेचा तपशील, आजारपणाची माहिती अशा गोष्टी फुटून नुकसान झालं, तर माणसाला भरपाई मागता येते. नवा कायदा ते कलमच काढून टाकणार आहे. उलट खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केलीत तर तुम्हालाच दहा हजारांपर्यंत दंड. हे मला अजिबात पटत नाही. लुटला गेला तो कोपऱ्यात, आणि वसुली सरकारजमा!

म्हणून मी जुन्या वाटेनेच जाईन. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. पुढे इमारतीइमारतीत संघ झाले, महिन्याचं वाणसामान एकत्र येऊ लागलं. आपल्यापैकी अनेकांच्या घरी ते वाटप अजूनही चालतं. वजन, भाव, भेसळ यांवर बोलायची सवय त्या पिढीला तिथेच लागली. नंबरही त्याच यादीत घाला. जिल्हा ग्राहक आयोगात तुम्ही राहता तिथूनच तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरावर फोन करून पाहा, बऱ्याचदा तेवढ्यानेही दुकान हलतं.

सोसायटीच्या गेटचं काय, अशी चिठ्ठी आली आहे. तिथे तर गंमतच आहे. सुतळीने पेन बांधलेली वही असते, प्रत्येक येणारा वरच्या सगळ्यांची नावं, फ्लॅट आणि नंबर वाचत वाचत आपली ओळ भरतो. ही वही नव्या कायद्यात बसतच नाही. कागदावरची माहिती संगणकात चढली, तरच तो लागू. कमिटीने तिच्याजागी ॲप आणलं, की मग कायदा लागू. पण इथे दुकानदार कोण? आपणच. येत्या सर्वसाधारण सभेत सेक्रेटरींना दोन गोष्टी विचारा: भरलेल्या वह्या कुठे जातात, आणि ॲपवरचे पाहुण्यांचे फोटो किती दिवसांनी पुसले जातात. रद्दीवाल्याचं नाव निघालं, तर ते इतिवृत्तात नोंदवून घ्या.